जुना फड, नवा गण : अण्णा भाऊ साठे

वार्षिकासाठी मजकूर गोळा करण्याचे काम ज्याच्या गळ्यात पडते त्याला दर वर्षी एक तक्रार हमखास ऐकावी लागते. लिहावेसे वाटते, पण लिहायला नवे असे काही उरलेलेच नाही, ही ती तक्रार. दुष्काळावर लिहून झाले, हुंड्यावर लिहून झाले, आईवर तर प्रत्येकानेच लिहिले. प्रेमाविषयी बोलायलाच नको. यंदा ही तक्रार घेऊन आलेला विद्यार्थी वाळवा तालुक्यातला, रोज एस. टी.ने ये-जा करणारा होता. त्याच्या गावापासून वाटेगाव फार लांब नाही. अण्णा भाऊंचे काय वाचलेस, असे मी त्याला विचारले. त्याने त्यांचा फोटो पाहिला होता, जयंतीच्या मिरवणुकीत तो नाचलाही होता. वाचले मात्र काही नव्हते. त्याला एकट्याला दोष द्यावा असे मला वाटत नाही. आपल्या सातारा-सांगलीकडे हे नाव इतके ओळखीचे झाले आहे की त्या नावाच्या माणसाची पुस्तके उघडण्याची गरज कोणाला भासत नाही. त्या मुलाला तोंडी जे नीट सांगता आले नाही, ते येथे लिहून काढतो आहे.

१ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगावच्या मांगवाड्यात अण्णा भाऊंचा जन्म झाला. पाळण्यातले नाव तुकाराम. वडील भाऊराव, आई वालबाई. वाळवा तालुका तेव्हा सातारा जिल्ह्यात होता. १९४९ साली त्यातून दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० पासून त्याला सांगली जिल्हा म्हणू लागले. त्यामुळे अण्णा भाऊ साताऱ्याचे की सांगलीचे, हा वाद दोन्हीकडच्या वक्त्यांना अधूनमधून पुरतो. वारणेचे खोरे मात्र होते तेथेच आहे.

मांगवाडा म्हणजे गावकुसाबाहेरची वस्ती. दोर वळावेत, केरसुण्या बांधाव्यात, लग्नाकार्यात हलगी वाजवावी, रात्री गावाची राखण करावी, आणि एवढे करून सकाळी चावडीवर हजेरी द्यावी. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. ज्याने काही चोरलेले नाही त्यालाही जातीवरून चोर ठरवण्याची ती सोय होती. स्वतंत्र भारतात १९५२ साली तो रद्द झाला. राखणदार आणि चोर ही दोन्ही नावे एकाच माणसाला, एकाच गावात आणि एकाच वेळी मिळत होती, हे ध्यानात ठेवावे. अण्णा भाऊंच्या लेखनाचे मूळ मला तेथे दिसते.

शाळा एक-दोन दिवसांतच संपली. अस्पृश्य म्हणून मिळालेली वागणूक त्या पोराने मुकाट्याने सोसली नाही, एवढेच त्याविषयी सांगता येईल. पुढे १९३१-३२ च्या सुमारास वडिलांनी कुटुंब उठवले आणि सगळे मुंबईला निघाले. गाडीभाड्याला पैसे नव्हते, म्हणून पायी. वाटेत मिळेल ते काम करायचे आणि पुढे चालायचे. मुंबईत या मुलाने हमाली केली, फेरीवाल्यामागे कपड्यांची गाठोडी वाहिली, घरगड्याची कामे केली, गिरणीतही राबला. अक्षरे त्याने दुकानांच्या पाट्यांवरून आणि सिनेमाच्या जाहिरातींवरून जुळवली. आपण ज्यांना वर्णमाला क्रमाने शिकवली गेली, त्यांना याची कल्पना येणे कठीण आहे. पाटीवरचे अक्षर कधी एकटे येत नाही. त्याच्यामागे दुकान असते, माल असतो आणि दारात गिऱ्हाईक उभे असते.

मधल्या काळात तो गावी परतला आणि चुलतभाऊ बापू साठे यांच्या तमाशाच्या फडात रमला. या फडाची नीट ओळख करून घेतल्याखेरीज पुढचे काही समजणार नाही. तमाशाचा क्रम पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला. प्रथम गण, म्हणजे गणपतीचे स्तवन. मग गौळण, मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची वाट कृष्ण आणि पेंद्या अडवतात, मावशी फटकारे मारते. मग बतावणी, लावण्या, आणि शेवटी रात्र चढल्यावर वग. प्रेक्षकांना हा क्रम पाठ असतो. पुढे काय होणार हे ठाऊक असूनही ते कांबळे पांघरून पहाटेपर्यंत बसतात. ठाऊक असलेलीच गोष्ट ऐकायला माणूस थंडीत का बसतो, हा प्रश्न आपल्या नवोदित लेखकांनी स्वतःला विचारून पाहायला हरकत नाही. अण्णा भाऊंनी फडावर तो पुस्तकाशिवाय सोडवला होता.

पुन्हा मुंबई, या खेपेस माटुंग्याचा लेबर कॅम्प. तेथे कामगार चळवळीशी, कम्युनिस्ट पक्षाशी संबंध आला. कॅम्पातल्या डासांवर त्यांनी एक पोवाडा रचला होता, अशी आठवण सांगितली जाते. पोवाडा म्हणजे वीरांची गाथा. अज्ञानदासाने अफझलखानाच्या वधाचा पोवाडा रचला, तुळशीदासाने सिंहगडाचा. त्या चालीत डासांची फौज उभी करायची, हा विनोद वरवरचा वाटेल. परंतु गटारालगतच्या खोलीत रात्रभर डास मारीत बसणाऱ्या कामगाराला ती लढाई काही खोटी वाटली नसणार. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी स्टालिनग्राडचा पोवाडा लिहिला. प्रतापगड ज्या जिल्ह्यात आहे त्या जिल्ह्याचा हा शाहीर. गड राखणे म्हणजे काय, हे त्याच्या श्रोत्यांना समजावून सांगावे लागत नव्हते. हजारो मैलांवरचे, नकाशावर कधी न पाहिलेले एक शहर डफाच्या थापेवर त्यांच्या ओळखीचे झाले. नवा विषय जुन्या चालीत बसवला, असे याचे वर्णन नेहमी केले जाते. ते अपुरे आहे. त्या पोवाड्यामुळे जुनी चालही बदलली. तोवर सरदाराचे आणि राजाचे यश गाणारा पोवाडा आता कारखान्यातल्या माणसाचे यश गाऊ लागला.

१९४४ साली अण्णा भाऊ, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर या तिघांनी लाल बावटा कलापथक उभे केले. अमर शेखांचा पहाडी आवाज, गव्हाणकरांची साथ आणि अण्णा भाऊंची लेखणी. गिरणगावातल्या चाळींसमोर, मैदानात, गावोगावी त्यांचे कार्यक्रम होत. अकलेची गोष्ट, देशभक्त घोटाळे, शेटजीचे इलेक्शन हे वग याच काळातले. त्यात सावकार आहे, काळाबाजारवाला आहे, मते मागायला आलेला शेटजी आहे. पुढे मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली, तेव्हा लोकनाट्य हे नाव पुढे आले आणि मंडळी उभीच राहिली. या नावाने पुढे पांढरपेशा प्रेक्षकही तमाशाला येऊ लागला, ही त्या बंदीने केलेली अनपेक्षित सेवा म्हणायची!

या काळात त्यांनी केलेला एक बदल दिसायला लहान, पण मला फार मोठा वाटतो. त्यांनी गण ठेवला आणि त्यातला गणपती काढला. आरंभी वंदन करायचे, हा फडाचा रिवाज त्यांनी मोडला नाही; वंदन कोणाला, एवढेच बदलले. गणपतीच्या जागी मायभूमी आली, शिवछत्रपती आले, देशासाठी मेलेली माणसे आली. गौळण त्यांनी वगळली. बाईने नाचावे आणि पुरुषांनी शिट्या माराव्यात एवढ्यासाठी ती उरली होती, असे त्यांना वाटत असावे. आता विचार करा, गणच काढून टाकला असता तर काय झाले असते? प्रेक्षक बिचकला असता, हा आपला तमाशा नव्हे म्हणून उठून गेला असता. गण ऐकायला कान टवकारलेले असतानाच त्या कानांवर वेगळे नाव पडले, म्हणून ते आत गेले. ठरलेली जागा रिकामी न ठेवता तेथे दुसऱ्याला बसवायचे, ही अण्णा भाऊंची खरी हातोटी. पुढच्या सगळ्या लेखनात ती पुन:पुन्हा दिसते.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतली त्यांची माझी मैना गावावर राहिली ही रचना कोणी ऐकली नसेल असे नाही. शाहिरी लावणीत विरह आहेच. होनाजी, प्रभाकर, राम जोशी यांच्या काळापासून आहे. बहुधा तिथे स्त्री बोलते. सखा मोहिमेवर गेलेला, ती माडीवर तळमळणारी. अण्णा भाऊंनी बोलणारा बदलला. येथे पुरुष बोलतो, आणि तो मोहिमेवरचा शिलेदार नव्हे तर पोटासाठी मुंबईला आलेला फाटका कामगार आहे. बायकोला गावी ठेवून आलेला. तिचे रूप, तिचा स्वभाव, निघतानाची तिची अवस्था तो आठवतो, आणि मुंबईच्या श्रीमंतीकडे पाहतो. येथवर ती एक चांगली लावणी आहे. मग एका वळणावर ती मैना महाराष्ट्राचा तुटलेला तुकडा होते. बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव यांची नावे येतात. भूमीला स्त्री कल्पिणे ही तर अतिप्राचीन युक्ती; भारतमातेच्या तसबिरी घरोघर होत्याच. पण तसबिरीतल्या देवीची आठवण कोणाला मध्यरात्री खोलीत येत नाही. समोर बसलेल्या प्रत्येक गिरणीकामगाराची एक मैना साताऱ्याकडे, कोकणात किंवा घाटावर खरोखरच राहिलेली होती. सीमाप्रश्न त्याच्यापर्यंत भाषणातून पोचला नसता, तो घरच्या वाटेने पोचला. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. गाण्यातली ती चार नावे बाहेरच राहिली, त्यामुळे गाणे अजून शिळे होत नाही.

कथांकडे वळू. स्मशानातील सोनं ही कथा ज्यांनी वाचली नसेल त्यांनी हा लेख येथेच ठेवून आधी ती वाचावी. स्मशान, रात्र, प्रेते, कोल्हे ही सगळी भुताच्या गोष्टीची सामग्री. आपण प्रत्येकाने आजीच्या कुशीत ती ऐकलेली आहे. भीमा हा वारणाकाठचा धिप्पाड गडी मुंबईजवळच्या खाणीत काम करतो. खाण बंद पडते, घरात खायला नाही, आणि स्मशानातल्या राखेत सोन्याचा कण सापडतो हे एके दिवशी त्याच्या ध्यानात येते. मग तो रात्री मढी उकरू लागतो. येथे भुताची भीती कोणाला आहे? वाचकाला आहे, भीमाला नाही. त्याला उद्याच्या भाकरीची भीती आहे. नेहमीच्या गोष्टीत जिवंत माणूस मेलेल्याला भितो, येथे जिवंत माणसाच्या भुकेची भीती वाटू लागते. शेवटी प्रेताच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात आणि कायमची जातात. आणि त्याच सुमारास बातमी येते की खाण पुन्हा सुरू झाली. पहाड फोडणाऱ्या हाताला बोटे नाहीत आणि पहाड मात्र वाट पाहत आहे. मी ही कथा वर्गात अनेकदा शिकवली. या ठिकाणी वर्गात नेहमी शांतता पसरते.

आता फकिरा. ही कादंबरी १९५९ साली प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी वि. स. खांडेकरांची ययाती प्रसिद्ध झाली. खांडेकरांचा जन्म सांगलीचा. तेव्हा एकाच वर्षी या भागात जन्मलेल्या दोन लेखकांनी दोन जुन्या गोष्टी नव्याने सांगितल्या. खांडेकरांनी महाभारतातला राजा घेतला आणि देवयानी, शर्मिष्ठा व स्वतः ययाती यांना आळीपाळीने बोलायला लावले. त्यामुळे एकच कथा निरनिराळ्या तोंडांनी निरनिराळी झाली. अण्णा भाऊंनी पुराण घेतले नाही. त्यांच्या घरातच एक गोष्ट होती. फकिरा हा वाटेगावचाच, त्यांच्या नात्यातला माणूस. अण्णा भाऊंच्या जन्माच्या वेळी इंग्रजांचा खजिना लुटून आलेल्या फकिराने बाळंतिणीसाठी दोन ओंजळी सुरती रुपये दिले, असे त्या घरात सांगत. म्हणजे ज्या घटनेची नोंद सरकारी दप्तरात दरोडा म्हणून व्हायची, ती या घरात बाळंतविड्यासारखी आठवली जात होती.

कादंबरीची सुरुवात जोगणीपासून होते. जोगणी ज्या गावी असेल त्या गावी जत्रा भरते. ती शिगावला आहे आणि वाटेगावला जत्रा नाही. फकिराचा बाप राणोजी जीव धोक्यात घालून ती जोगणी वाटेगावला आणतो आणि त्यापायी मारला जातो. गावाची इभ्रत, दिलेला शब्द, तलवार, घोडा, बलिदान. यात नवे काय आहे? काहीच नाही. शंभर पोवाड्यांत हे सापडेल. फक्त एक गोष्ट वेगळी आहे. ज्या गावाच्या इभ्रतीसाठी राणोजी मरतो त्या गावाच्या कुसाच्या आत त्याला घर बांधता येत नाही. अण्णा भाऊ यावर व्याख्यान देत नाहीत. ते गोष्ट सांगत पुढे जातात आणि वाचकाच्या मनात ही कुसळ राहून जाते.

पुढे दुष्काळ पडतो, साथ येते, वस्तीतली माणसे अन्नावाचून मरू लागतात. फकिरा धान्य लुटतो, मग खजिना. श्रीमंताला लुटून गरिबाला देणारा बंडखोर ही तर जगभर सांगितली जाणारी गोष्ट. आपल्याकडे उमाजी नाईक आहेत, इंग्रजांकडे रॉबिन हूड आहे. बहुतेक ठिकाणी ती दुरून सांगितली जाते. अरण्यात कोणी धाडसी पुरुष आहे आणि आपण त्याच्या कथा ऐकतो. फकिरा मात्र उपाशी घरातून सांगितलेली आहे. तेथे लुटीचे धान्य येते त्याआधी रिकामी चूल येते. आणि शेवट पाहा. बंडखोर एक तर लढत मरतो किंवा फितुरीने सापडतो, असा संकेत आहे. फकिराची म्हातारीकोतारी, बायकापोरे सरकार ओलीस धरते आणि तो आपण होऊन हजर होतो. ज्या हजेरीविरुद्ध आयुष्यभर झगडला तीच हजेरी शेवटी तो स्वतःच्या पायांनी देतो. पराभव म्हणावा तर मान खाली जात नाही, विजय म्हणावा तर हातात बेड्या आहेत. १९६१ साली महाराष्ट्र शासनाने या कादंबरीला पुरस्कार दिला. ती अर्पण केली आहे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला. कम्युनिस्ट पक्षात वाढलेल्या या लेखकाने ही अर्पणपत्रिका लिहिली, यावर पुढे पुष्कळ वाद झाले. त्यांना येथे जागा नाही.

याच्या आदल्या वर्षी, १९५८ साली, मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले होते. उद्घाटन अण्णा भाऊंनी केले. पृथ्वी शेषाच्या मस्तकावर तोललेली आहे, ही पुराणातली समजूत त्यांनी त्या भाषणात घेतली आणि शेषाच्या जागी राबणारी माणसे आणून उभी केली. गणात जे केले तेच पुन्हा. जागा जुनी, बसणारा वेगळा.

अण्णा भाऊंचे सगळेच लेखन या तोडीचे आहे असे म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय होईल. तीसहून अधिक कादंबऱ्या त्यांनी लिहिल्या. पोटासाठी लिहिल्या, झपाट्याने लिहिल्या. वारणेचा वाघ, माकडीचा माळ, आवडी, वैजयंता यांत ताकदीची पाने आहेत. तमासगीर स्त्रीची कुचंबणा वैजयंतामध्ये ज्या आस्थेने येते तशी त्यापूर्वी आपल्या कादंबरीत क्वचितच आली असेल. परंतु कित्येक ठिकाणी देखणा शूर नायक, सोज्वळ नायिका, पाताळयंत्री खलपुरुष आणि शेवटी हाणामारी हा साचा जसाच्या तसा उतरतो. तेथे जुने ते जुनेच राहते. माझ्यापुरता मी असा अंदाज बांधला आहे की जेथे त्यांना आपले पाय कोणत्या जमिनीवर आहेत याची आठवण होती, मांगवाडा, फड, लेबर कॅम्प, तेथे घिसीपिटी कल्पनाही त्यांच्या हातात जिवंत झाली. आणि जेथे प्रकाशकाची घाई व वाचकाची आवड यांनी त्यांना त्या जमिनीवरून उचलले, तेथे शब्द धावत राहिले आणि गोष्ट मागे राहिली. कोणी याच्याशी असहमत असेल तर पुढच्या अंकात जरूर लिहावे.

१९६१ साली ते रशियाला जाऊन आले. त्या प्रवासाचे वर्णन त्यांनी पुस्तकरूपाने लिहिले आहे. ज्या शहराचा पोवाडा तरुणपणी न पाहता गायिला, त्या देशाची भूमी वयाच्या चाळिशीनंतर पाहायला मिळाली. परतल्यावर पुन्हा घाटकोपरची चिरागनगर झोपडपट्टी. त्यांचे कितीतरी लेखन तेथल्याच झोपडीत झालेले आहे. बाहेर पुस्तकांच्या आवृत्त्या निघत होत्या, कथांवर चित्रपट निघत होते, आणि घरात ओढगस्त सुटत नव्हती. संसार विस्कटला, प्रकृती ढासळली. अखेरचे दिवस गोरेगावच्या सिद्धार्थनगरात गेले. १८ जुलै १९६९ रोजी ते वारले. एकोणपन्नास वर्षे पुरी व्हायला चौदा दिवस उरले होते.

पुढच्या वर्षी वारणेचा वाघ हा चित्रपट आला. १९७४ साली त्यांच्या अलगूज या कादंबरीवरून अशी ही साताऱ्याची तऱ्हा निघाला. जत्रेतल्या तंबूत आपल्याकडच्या लोकांनी तिकिटे काढून असले बोलपट पाहिले, पडद्यावरच्या घोड्याला शिट्या मारल्या. त्या विद्यार्थ्याचे आजोबाही त्यांत होते, असे त्याने परवा सांगितले. फकिराची ग्रंथालयातली प्रत सध्या त्याच्याकडे आहे आणि तिची परतीची तारीख उलटून गेली आहे.